आकडा कुणाजवळ होता?

कोपरखैरणे स्टेशनबाहेरच्या शेडखाली पाऊस ओसरायची वाट बघत एक जोडपं उभं होतं. नवऱ्याच्या हातातल्या फोनवर विमानाचा पिवळा ठिपका आणि त्यामागे लांबट वेटोळ्याची रेघ, एकावर एक गिरवलेली. त्याची आई दिल्लीहून येत होती आणि तिचं विमान मुंबईच्या अलीकडे घिरट्या घालत होतं. "अहो, किती वेळ फिरवतायत? पेट्रोल संपलं म्हणजे?" बायकोने विचारलं. "संपतंय कसलं! टाकी फुल्ल करूनच निघतात. विमान आहे ते, रिक्षा आहे का?" नवरा म्हणाला, आणि आजूबाजूच्या दोघातिघांनी त्याला मान डोलावली. तेवढ्यात ढगातून दुसरंच एक विमान खाली आलं. चाकं काढलेली, फ्लॅप (पंखांच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) उघडलेले, त्यामुळे नेहमीच्या गुणगुणीत मिसळलेली ती जाड घरघर. पावसाळ्यात वारा पश्चिमेचा असतो, म्हणून मुंबईला उतरणारी बहुतेक विमानं याच बाजूने, खाडी ओलांडून, दोन हजार फुटांवरून जातात. नवी मुंबईकरांना त्याची इतकी सवय की कुणी वर बघत नाही. त्या माणसाचा ठामपणा मात्र डोक्यात अडकून राहिला. रिक्षावाल्याची सीएनजीच्या रांगेत निदान स्वतःच्या काट्यावर नजर असते. विमानात काटा सगळ्यांसमोर असतो, आणि तरी तो कुणाचाच नसतो, असं याआधी अनेकदा घडलेलं आहे.

आधी टाकीचं बघू. दिल्लीहून मुंबईला येणारं एअरबस ए-३२० घ्या. रिकामं विमान साधारण ४३ टनांचं. प्रवासी आणि त्यांच्या बॅगा मिळून सतरा टन. पंखांतल्या आणि पोटातल्या टाक्या काठोकाठ भरल्या तर सुमारे १९ टन इंधन बसतं. बेरीज ७९. उड्डाणाला एवढं वजन जेमतेम चालून जाईल, पण उतरताना मर्यादा ६६-६७ टनांचीच, कारण चाकांच्या दांड्यांनी आणि ब्रेकनी त्याहून जास्त सोसू नये. वाटेत जळणार साडेचार-पाच टन. म्हणजे फुल्ल टाकीचं विमान मुंबईवर आलं तरी सात-आठ टन जड, त्याला उतरताच यायचं नाही. शिवाय जादा इंधन वाहून न्यायलाही इंधन लागतं. दर तासाला त्या जादा वजनाच्या तीनेक टक्के नुसतं ओझं उचलण्यात जळतं. एटीएफवरचा, म्हणजे विमानाच्या इंधनावरचा, कर राज्याराज्यात वेगळा असल्यामुळे स्वस्त गावी थोडं जास्त भरून घ्यायचा धंदेवाईक हिशोबही चालतो, पण तोही या मर्यादांच्या आतच.

तेव्हा इंधन भरतात ते तुकड्यातुकड्याने मोजून. धावपट्टीपर्यंत जाण्याचं थोडं. प्रवासाचं. वारा किंवा उंची मनासारखी मिळाली नाही तर म्हणून प्रवासाच्या पाच टक्के. ठरलेल्या ठिकाणी उतरता आलं नाही तर पर्यायी विमानतळ गाठण्याचं. आणि सगळ्यात तळाशी, हात न लावण्याचं, अंतिम राखीव: विमानतळावर दीड हजार फुटांवरून अर्धा तास घिरट्या घालता येतील एवढं. ए-३२० साठी ते टनाच्या थोडं वर भरतं. पावसाळ्यात कॅप्टन स्वतःच्या अखत्यारीत आणखी थोडं मागून घेतो, ते वेगळं. सगळं मिळून आठ-नऊ टन. टाकी निम्मीही भरलेली नसते, आणि हे अगदी बरोबर आहे. आकाशातल्या वेटोळ्याची एक फेरी चार मिनिटांची: एक मिनिट सरळ, एक मिनिट वळण, पुन्हा सरळ, पुन्हा वळण. एका फेरीला साधारण दीडशे किलो. स्टेशनबाहेरच्या त्या फोनवर जी रेघ गिरवली जात होती, ती कॉकपिटमध्ये याच हिशोबाने वाचली जाते. किती फेऱ्या परवडतात आणि कितव्या फेरीनंतर दुसऱ्या गावाची वाट धरायची, हे विमान वेटोळ्यात शिरण्याआधी ठरलेलं असायला हवं.

असायला हवं.

२८ डिसेंबर १९७८. युनायटेड एअरलाइन्सचं डीसी-८ डेन्व्हरहून पोर्टलंडला येत होतं, विमानात १८९ माणसं. उतरण्यासाठी चाकं काढली तेव्हा खालून दणका बसला आणि विमान एका बाजूला हिसका मारून गेलं. उजवं मुख्य चाक खाली आलं होतं ते हळूच न येता धाडकन सुटून. त्याला धरून ठेवणाऱ्या दांड्याचं टोक गंजून निखळलं होतं. त्या धक्क्यात छोटा स्विच बिघडला आणि समोरचा हिरवा दिवा लागला नाही. चाक नीट बसलंय की नाही? पंखावर त्याचा यांत्रिक खूण-दांडा असतो. तो बघून आले, चाक खाली बसल्याची खूण होती. पण दिवा नाही तो नाहीच. कॅप्टनने शहराजवळ पाच हजार फुटांवर घिरट्या सुरू केल्या. बाहेर स्वच्छ हवा, विमानतळ जवळ, घाई कसली? हवाई सेविकांना प्रवासी नीट बसवू द्या, आपत्कालीन दारांजवळ धडधाकट माणसं नेमू द्या, डोकं कसं वाकवायचं ते दाखवू द्या. हा माणूस बेफिकीर नव्हता, हे सांगितलंच पाहिजे. तो तासभर नको इतकी काळजी घेत होता, फक्त एका चाकाची. चाकं आणि फ्लॅप बाहेर असताना खाली हवा दाट, तिची ओढ (मागे खेचणारा अडसर) जास्त, म्हणून चार इंजिनं मिनिटाला शंभर किलोच्या आसपास पीत होती.

त्या काळी कॉकपिटमध्ये तिसरी खुर्ची असे, फ्लाइट इंजिनियरची. इंधनाचे काटे त्याच्यासमोर. सहवैमानिकाने विचारल्यावर त्याने सांगितलं: पाच हजार पौंड. म्हणजे सव्वादोन टन, वीसेक मिनिटांचा खेळ. त्यानंतर कॅप्टन म्हणाला, आणखी पंधरा मिनिटं धरा. इंजिनियर म्हणाला की पंधरा मिनिटांत इंधन फारच खाली जाईल. वाक्य बरोबर होतं. आकडा बरोबर होता. पण ते ऐकायला आलं शेऱ्यासारखं, आणि शेरा ऐकून माणूस हूं म्हणतो. 'सर, आत्ता वळलो नाही तर पोचणार नाही' असं कुणी बोललं नाही. पुढचा संवाद कॉकपिटच्या ध्वनिमुद्रणात आहे आणि वाचताना अंगावर येतो. सहवैमानिक सांगतो, एक इंजिन जाणार आपलं. कॅप्टन विचारतो, का? इंजिन चाललंय आपलं. का? इंधन. तासभर इंधनाचे आकडे त्या खोलीत फिरत होते, आणि तरी कॅप्टनचा प्रश्न खराखुरा होता. विमानतळ सहा मैलांवर असताना विमान झाडीत कोसळलं. दहा माणसं गेली, त्यात तो इंजिनियरही. एवढं मोठं विमान वस्तीला लागून पडलं आणि आग लागली नाही, कारण जळायला काही उरलंच नव्हतं.

याच अपघातानंतर अमेरिकी तपास मंडळाने वैमानिकांना एकत्र काम करायला शिकवा असं सुचवलं, आणि १९८१ मध्ये युनायटेडने तसं प्रशिक्षण सुरू केलं. आज ते सीआरएम (क्रू रिसोर्स मॅनेजमेंट) म्हणून जगभर, आपल्याकडेही, सक्तीचं आहे. त्यात खालच्या माणसाने वरच्याला कसं अडवायचं याचा सराव करून घेतात. आधी साधी सूचना, मग नाव घेऊन स्पष्ट शब्द, मग आकडा आणि मुदत, आणि तरी ऐकलं नाही तर सूत्रं हातात घेणं. कागदावर सोपं वाटतं. पण ज्या घरांत आणि ऑफिसांत 'साहेब, जरा बोलू का' इथून सुरुवात होते, तिथे वाढलेल्या पंचविशीतल्या सहवैमानिकाला हे शिकवणं म्हणजे त्याला पुन्हा बोलायला शिकवण्यासारखंच आहे. ठाण्यातल्या कुठल्याही बँकेत किंवा नवी मुंबईतल्या कुठल्याही आयटी पार्कमधल्या मीटिंगमध्ये डोकावून बघा. वाईट बातमी आधी चहापाण्यात गुंडाळून मगच पुढे सरकवली जाते.

पोर्टलंडला आकडा एका खुर्चीजवळ तरी होता. पाच वर्षांनी ती खुर्चीच गेली.

बोइंग ७६७ हे नवं विमान दोनच वैमानिकांनी चालवायचं. इंजिनियरची कामं संगणकाकडे, उरलेली वाटून. इंधनाचा हिशोब कुणाचा, हे वाटणीत नीट बसलंच नाही. त्यातच कॅनडा पौंडाकडून किलोकडे चालला होता आणि एअर कॅनडाच्या ताफ्यात किलोत मोजणारी पहिली विमानं हीच. २३ जुलै १९८३ ला मॉन्ट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला जाणाऱ्या विमानात इंधन मोजणारं यंत्र बंद होतं, एका कच्च्या डाखामुळे. काटे कोरे. मग जुनी पद्धत: पंखाखालून मोजपट्टी काढून टाकीतली पातळी बघायची, तक्त्यावरून लिटर काढायचे, लिटरचं वजन करायचं. टाकीत ७,६८२ लिटर निघाले. हवे होते २२,३०० किलो. भरणाऱ्याच्या कागदावर घनतेचा आकडा होता १.७७. सगळ्यांनी तोच घेतला. ७,६८२ गुणिले १.७७ म्हणजे १३,५९७. ते वजा केले की उरतात ८,७०३. त्याला पुन्हा १.७७ ने भागलं, ४,९१७ लिटर. तेवढे भरले. गणितात चूक नाही, कुणीही तपासावं. फक्त १.७७ हे एका लिटरचं वजन पौंडात आहे. किलोत ते ०.८ च्या आसपास असतं. खरा हिशोब केला असता तर वीस हजारांहून अधिक लिटर भरायला लागले असते. विमान निघालं ते गरजेच्या निम्म्याहूनही कमी इंधनावर.

मला या प्रकरणात सगळ्यात खुपतो तो ओटावाचा थांबा. तिथे पुन्हा पट्टी लावून मोजलं होतं. पुन्हा लिटर बरोबर, पुन्हा १.७७, पुन्हा समाधान. दुसऱ्यांदा तपासलं म्हणून धीर आला, आणि तपासलं ते त्याच चुकीच्या आकड्याने. इंधन किलोत धरून चाललेल्या संगणकाने मग तोच आकडा खरा मानून पुढचा मार्ग आखला, आणि पडद्यावर एडमंटनला पोचताना भरपूर इंधन उरणार असं दिसत राहिलं. ४१ हजार फुटांवर आधी एक घंटी वाजली, मग दोन्ही इंजिनं गेली. इंजिनाबरोबर वीज जाते, म्हणून पडदे काळे. पोटाखालून एक छोटी पवनचक्की आपोआप बाहेर पडते आणि सुकाणू हलण्यापुरता दाब देते. कॅप्टन बॉब पिअर्सन ग्लायडर उडवणारा निघाला. गिमलीच्या जुन्या हवाईदलाच्या तळावर तो आला तेव्हा विमान फार उंच होतं. त्याने एक पंख खाली दाबला आणि विमान तिरकं घसरवत उंची मारली. धावपट्टीवर त्या दिवशी मोटारींच्या शर्यती चालू होत्या. ६९ माणसांपैकी कुणी गेलं नाही. ही गोष्ट नेहमी त्या तिरक्या घसरणीपाशी संपते. टाळ्या तिथे पडतात खऱ्या, पण शिकण्यासारखा भाग मॉन्ट्रियलच्या फलाटावरच्या कागदात आहे.

दुसरं टोक न्यूयॉर्कचं. २५ जानेवारी १९९०, कोलंबियाहून आलेलं एव्हियांकाचं बोइंग ७०७. धुक्यामुळे तीन ठिकाणी मिळून सव्वा तासाहून जास्त घिरट्या. सहवैमानिकाने एका नियंत्रकाला सांगितलं की पाचेक मिनिटंच थांबता येईल, बोस्टनचा पर्याय आता हातचा गेला. ते पुढच्या नियंत्रकापर्यंत पोचलं नाही. नियंत्रक बदलत गेले, प्रत्येकाला विमान नव्याने भेटत गेलं. सहवैमानिकाने 'प्रायॉरिटी' मागितली, 'इमर्जन्सी' हा शब्द उच्चारला नाही. आणीबाणी सांग, असं कॅप्टन त्याला स्पॅनिशमध्ये म्हणतोय, आणि रेडिओवर मात्र इंधन संपत आलंय एवढंच, तेही शांत सुरात, इतर माहितीच्या ओळीत जातंय. पहिला प्रयत्न वाऱ्याने उधळला, दुसऱ्यासाठी वळसा घालताना चारही इंजिनं थांबली. १५८ पैकी ७३ गेले. कॉकपिटमध्ये आकडा ठाऊक होता. जमिनीवर तो कुणाजवळच नव्हता.

कधी आकडा खोटाच असतो. २००५ मध्ये सिसिलीजवळ समुद्रात उतरलेल्या ट्युनिंटरच्या एटीआर-७२ मध्ये आदल्याच दिवशी इंधनमापक बदललं होतं, आणि बसवलं होतं धाकट्या एटीआर-४२ चं. खाचा जुळल्या, जागेवर बसलं, टाकीचा आकार मात्र वेगळा, त्यामुळे काटा नसलेलं इंधन दाखवत राहिला. सोळाजण गेले. कधी आकडा खरा असतो आणि पटत नाही. २००१ मध्ये अटलांटिकवर एअर ट्रान्सॅटच्या ए-३३० च्या उजव्या इंजिनाजवळची नळी न जुळणाऱ्या भागाला घासून फुटली होती. इंधन इतकं झपाट्याने कमी होणं शक्यच नाही, संगणकाचंच काही बिनसलंय, असं वाटून वैमानिकांनी चांगल्या बाजूचं इंधन फुटक्या बाजूकडे सोडलं. मग दोन्ही इंजिनं बंद, १२० किलोमीटर नुसतं तरंगत अझोर्स बेटं गाठली. ३०६ माणसं, सगळी वाचली.

आणि कधी फक्त हिशोबात ओढ धरायची राहून जाते. आपल्याकडचंच उदाहरण: १५ नोव्हेंबर १९९३, मद्रासहून हैदराबादला गेलेलं इंडियन एअरलाइन्सचं ए-३००. हैदराबादला दिसत नव्हतं, उतरणं सोडून वर आले, आणि फ्लॅप आत जाईनात. तसंच परत मद्रासकडे निघाले. उघड्या फ्लॅपनी वेग पकडता येत नाही, वर चढता येत नाही, आणि तेवढ्याच अंतराला कितीतरी जास्त इंधन जातं. तिरुपतीजवळच्या भातशेतात विमान उतरवावं लागलं. अडीचशेहून जास्त माणसं, कुणी दगावलं नाही. पुढे २००० मध्ये हापाग-लॉइडचं ए-३१० चाकं आत न जाता ग्रीसच्या क्रीट बेटाहून जर्मनीकडे निघालं आणि व्हिएन्नाच्या धावपट्टीच्या अलीकडे इंधनाविना टेकलं. उड्डाणाचा संगणक किती उरेल ते सांगत होता, पण बाहेर लोंबणारी चाकं त्याच्या गणितात नव्हती. पडद्यावरचा आकडा कुठल्या गृहीतावर उभा आहे हे विचारायची सवय नसेल तर पडदा असून नसून सारखाच.

२८ नोव्हेंबर २०१६ चा लामिया या विमान कंपनीचा अपघात मी या रांगेत धरतच नाही. बोलिव्हियातल्या सांताक्रूझहून कोलंबियातल्या मेदेयीनकडे, ब्राझीलच्या शापेकोएन्से क्लबचे फुटबॉलपटू घेऊन. उड्डाण आराखड्यात प्रवासाचा वेळ ४ तास २२ मिनिटं आणि इंधनाची मुदतही ४ तास २२ मिनिटं. राखीव शून्य, लेखी. कॅप्टन त्याच कंपनीच्या मालकांपैकी एक. वाटेत थांबून इंधन घेण्याचा खर्च ज्याच्या खिशातून जायचा, तोच थांबायचं की नाही ते ठरवणार होता. शेवटी मेदेयीनवर दुसऱ्या विमानाची अडचण सुटेपर्यंत थांबायला लागलं आणि तेवढ्यात संपलं. ७१ माणसं. इथे काही राहून गेलं नव्हतं, कुणी ऐकलं नाही असंही नव्हतं. हा नुसता जुगार.

आता आपल्या डोक्यावरचं. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी वापरात एकच. पावसाची जोराची सर आली, एखादं विमान धावपट्टीवर अडकलं, की मागच्या सगळ्यांची वेटोळी सुरू. २५ डिसेंबर २०२५ पासून उलव्याला दुसरा विमानतळ चालू झाला. सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटरवर. कागदावर ही चैनच: पर्यायी विमानतळ जितका जवळ तितकं त्याच्यासाठीचं इंधन कमी. पण उरणच्या बाजूने काळं भरून आलं की खाडीच्या दोन्ही काठांना एकदमच झोडपतं, हे वाशीच्या पुलावर अडकलेला कुणीही सांगेल. ज्या ढगाने एक धावपट्टी झाकली तो दुसरीला मोकळी सोडेल याची खात्री जून ते सप्टेंबर कोण देणार? म्हणून पावसाळ्यात शहाणा डिस्पॅचर (जमिनीवर बसून उड्डाणाचा आराखडा करणारा) अहमदाबाद, गोवा, हैदराबाद असं दूरचं गाव लिहितो, आणि त्याचं जादा वजन मुकाट वाहतो. उलव्याचा फायदा आहे, पण तो धावपट्टी अडकली तेव्हाचा. आभाळ फाटलं तेव्हाचा नाही.

एव्हियांकासारखी संदिग्धता राहू नये म्हणून आता बोलायचं काय तेही ठरवून दिलंय. यापुढे उशीर झाला तर राखीवाला हात लागेल अशी वेळ आली की 'मिनिमम फ्युएल' म्हणायचं. ती आणीबाणी नव्हे, रांगेत पुढे नंबरही लागत नाही, फक्त नियंत्रकाने ओळखायचं की इथून पुढे गंमत नाही. आणि राखीव अर्ध्या तासाला हात लागणारच असं गणित सांगायला लागलं की 'मेडे' तीनदा, आणि पुढे 'फ्युएल'. मग बाकीची विमानं बाजूला होतात, अग्निशमन गाड्या धावपट्टीलगत येतात, उतरल्यावर डीजीसीएकडे, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाकडे, अहवाल जातो. आपल्या बातम्यांत अशा वेळी 'थोडक्यात अनर्थ टळला' असतं आणि खाली वैमानिकाच्या नावाने शंख. पण हा शब्द टाकीत इंधन शिल्लक असतानाच उच्चारायचा असतो. पोर्टलंडच्या आणि न्यूयॉर्कच्या कॉकपिटमध्ये तो तेव्हा उच्चारला गेला नाही, एवढाच काय तो फरक. चौकशी जरूर व्हावी. त्यात किती किलो उरले होते हे विचारतातच. कितव्या फेरीनंतर निघायचं ठरलं होतं, ते मोठ्याने बोललं गेलं होतं का, आणि ती फेरी उलटल्यावर शेजारच्या खुर्चीतून कोण काय म्हणालं, हेही विचारायला हवं.